शेरडं लोळत नाहीत

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, वडिलांपाशी नाही. तुमच्यापाशी बोलते, कारण तुम्हीही एक दिवस मला विचाराल — ताई, लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचंय, काय काय बघू?

सगळे मलाच विचारतात. आमच्या कामथडीच्या घरात पहिली बी.कॉम. झालेली मी. त्यामुळे खताच्या पोत्यावरच्या मजकुरापासून कुत्र्याच्या जातीपर्यंत मला सगळं कळतं, असं लोक धरूनच चालतात. आणि मला ते आवडतं — का नाही आवडणार? मग मी ऐटीत सांगते : पिल्लाचा पंजा बघा, पंजा मोठा तर कुत्रा वासराएवढा होणार. दिवसभर घरी कोण असणार? रोज तासभर त्याला पळवणार कोण? नाही पळवलंत, तर ते तुम्हाला पळवेल.

हे सगळं मला मेजरनं, माझ्या लॅब्रॅडॉरनं, शिकवलं. शिरवळला कंपनीत लागले, त्याच वर्षी हौसेनं त्याला आणला. आठ महिन्यांत त्यानं वडिलांच्या, आण्णांच्या, तीन चपला खाल्ल्या — तिन्ही डाव्या! खाटेची नवार खाल्ली, निम्मी केरसुणी खाल्ली. मी दिवसभर कामावर, तो गोठ्यात बांधलेला. आई म्हणायची, "कुत्रं न्हाई, बांधून ठेवलेलं वारं हाय ह्ये."

मुद्द्यावर येते. येतेच आहे.

रविवार होता. भातलावणी आठ दिवसांवर आलेली. बिचारा किती दिवस बांधलेला, म्हणून मी त्याला सोडला — दहाच मिनिटं. तो सुटला तो थेट शेजारच्या शांताकाकूंच्या रोपाच्या वाफ्यात. हिरवंगार, वीतभर वाढलेलं भाताचं रोप. त्यात तो धावला, घसरला, चारी पाय वर करून लोळला. निम्मा वाफा चिखलात झोपला. मी त्याला ओढत आणला, धुतला, बांधला. शेपटी हलवत बसला, जसा काही सकाळपासून तिथंच होता.

नेमकी त्याच वेळी बाबूमामांची शेरडं बांधावरून गेली होती. बाबूमामा वरच्या धनगरवाडीचे, शेरडं राखणारे. काकूंनी वाफा बघितला आणि त्यांना हाक मारून परत बोलावलं. चार माणसं जमली. आणि काकू माझ्याकडे वळल्या, "तू दारात हुतीस न्हवं? शेरडं शिरली का गं?"

"हो," मी म्हणाले. एवढ्यावर थांबायचं ना? — "दोन-तीन दिसली."

मामा म्हणाले, "अवो वैनी, शेरडं शेंडं खात्यात. लोळत्यात व्हय कुठं?"

लोक हसले. त्यांनाही ते पटलं होतं, शेतकरीच सगळे. पण काकू म्हणाल्या, "शिकलेली पोर खोटं बोलंल का?" माझ्या शिक्षणापुढे सगळ्यांनी आपले डोळे मिटले. मामांनीसुद्धा. माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी म्हणती, तर शिरली असतील. म्याच मागं बघितलं न्हाई."

मामांचं वाडीजवळ भाताचं एकच खाचर. त्याच्यासाठी वाढवलेलं रोप त्यांनी उपटून काकूंना आणून दिलं. लावणीलाही आले, मामींना घेऊन, दोन दिवस. चहा मीच नेला. मामा म्हणाले, "गोड झालाय." त्या साली त्यांचं खाचर पडून राहिलं.

मेजर आता सहा वर्षांचा आहे, शहाणा झालाय. मामा अजूनही शेरडं ओढ्याकडून लांबून नेतात. आमच्या बांधावर येत नाहीत.

पिल्लू आणायच्या आधी काय बघावं, ते मी कितीजणांना सांगितलं. त्याच्या चुकीला आपली म्हणायची छाती आहे का, हे मात्र बघा असं कधी सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा ऐका. बाबूमामांच्या शेरडांनी एका काडीलाही तोंड लावलं नव्हतं. वाफ्यात मेजर लोळत होता, आणि मी त्याला हाकही मारली नाही. दारात उभी राहून, पोट धरून हसत होते.