ताप आली, ताप आला

एसीच्या मशीनरूममध्ये काम करणाऱ्या त्या बाईला अख्खी इमारत 'ताप' म्हणायची. चूक तिची एवढीच, की मोडकं दिसलं की मोडकं म्हणायची, आणि तेही लेखी. हजेरी कारकुनाच्या तोंडात ते नाव इतकं बसलं, की वहीतसुद्धा तो रोज 'ताप आली' असंच लिहायचा.

बुटांसाठी तिने तीन अर्ज दिले. बूट आले नाहीत, खिळा आला. चप्पल भेदून थेट टाचेत. दुसऱ्या दिवशी टाच टम्म सुजली आणि बाई हजेरीच्या खिडकीशी उभी, दात कडकड वाजतायत.

वहीत तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या दोन लाल फुल्या होत्या. तिसरी पडली की नोकरी गेली. आजारपणाची रजा हवी, तर तापमापकात अडतीस दिसायला हवेत. कारकुनाने काच उजेडात धरली. सदतीस.

"ताप नाही."

"मग मी काय तुमच्या धाकाने थरथरतेय?"

प्रथमोपचाराच्या सिस्टर लंगडत्या पायाकडे बघत आल्या. "अहो, ताप निघालाय, पोचायचाय. टाचेत जंतू शिरलेत. तिथल्या पांढऱ्या पेशींनी सायटोकाइन सोडलीत, म्हणजे निरोपे समजा. त्यांचा निरोप रक्तातून मेंदूशी पोचतो, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते तापमानाचा आकडा वर चढवतं."

"थर्मोस्टॅट!" बाई ओरडली. हे तर तिच्या हातातलं काम. "आकडा लावलाय एकोणचाळीसवर, अंग अजून सदतीसवर. म्हणून थंडी, म्हणून हुडहुडी. थरथरून अंग तापवायचं चाललंय."

"म्हणजे वरून हुकूम सुटलाय?" कारकून सावरून बसला.

"सुटलाय! टाचेचा अर्ज डोक्याने एका दिवसात मंजूर केला. तुमच्या वरच्यांना तीन महिन्यांत बूट सुचेनात!"

"हुकमाची प्रत आहे?"

प्रत नव्हती. मग बाईला बाकावर बसवलं, ताप पोचेपर्यंत. येणारा-जाणारा विचारायचा, "आला का?" कारकून म्हणायचा, "वाटेत आहे." जेवणाच्या सुट्टीपर्यंत हुडहुडी थांबली, अंग भट्टी झालं आणि काचेत एकोणचाळीस दिसले. कारकुनाने मान डोलावली आणि सवयीने वळणदार अक्षरात लिहिलं: 'ताप आली.'

"आली नाही, आला!" बाई खिडकीवर आदळली. "आली म्हणजे मी कामावर. आला म्हणजे मी घरी!"

वहीत खाडाखोडीला मनाई. त्याने खालच्या ओळीत लिहिलं: 'ताप आला.'

सिस्टरांनी तिला तशीच दवाखान्यात धाडलं. जखम साफ झाली, इंजेक्शन बसलं, गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ती खिडकीशी आली तेव्हा अंग थंड होतं, नजर थेट वहीवर.

"फुली पडली?"

"तीन पडल्या," कारकून हळूच म्हणाला. बाईने खिडकीची चौकट धरली. "तुम्हाला नाही हो, ताई. वरच्यांनी वाचलं, एक ताप आली, एक ताप आला. म्हणजे एक बाई हजर, एक गडी नवीन. मग मी तीन दिवस 'गैरहजर: ताप' लिहिलं. नवा दिसला, त्याच्याच माथी मारल्या."

"आणि माझी रजा?"

"ती कुणी वाचलीच नाही."

त्याने वही फिरवून शेवटची ओळ दाखवली. वरच्यांच्या सहीनिशी: 'ताप गेला.'

मग खिडकीखालून त्याने एक खोकं वर सरकवलं. नव्या गड्याला पहिल्याच दिवशी बूट द्यायचा नियम होता म्हणे. गडी न्यायला आलाच नाही.

बाईने तिथेच बसून बूट चढवले. दोन नंबर मोठे. एकात पट्टी बांधलेली टाच अगदी फिट्ट बसली. दुसऱ्यात तिने आपल्या बुटाच्या तीन अर्जांच्या प्रती कोंबल्या आणि ठाकठाक वाजवत मशीनरूमकडे निघाली.