भावासोबत सिद्धेश्वरच्या पाण्याखाली

माझा धाकटा भाऊ मालवणला पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जायचं काम करायचा. वसमतचं पोरगं आणि असलं काम, म्हणून आमच्या गल्लीत त्याचं भारी कौतुक. मीही उन्हाळी सुट्टीत त्याच्याकडे जाऊन थोडंफार शिकून आले होते.

मागच्या हिवाळ्यात तो काही न कळवता घरी आला. सोबत हवेच्या टाक्या, पाण्यात तरंगायला हवा भरायची जॅकेटं, सगळं सामान. "सुट्टी हाय," एवढंच बोलला. फोन बंद ठेवायचा. झोपताना खोलीतला दिवा घालवू द्यायचा नाही. आई मला हळूच म्हणाली, "तू विचार गं. माझ्याशी बोलून न्हाई राहिला तो."

मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, सिद्धेश्वरच्या धरणात उतरू. समुद्र नको. आपलंच पाणी हाय."

मी औंढ्याला शाळेत शिकवते. वर्गातल्या एका मुलीचे वडील धरणात मासे धरतात. त्यांची होडी दिवसभरासाठी ठरवली. सकाळी ते काठावर उभेच होते. "जय भीम, बाई," म्हणाले आणि सामानाकडे बघून त्यांनी भावाला विचारलं, "खाली काय हाय बघायला?"

"काही न्हाई," भाऊ म्हणाला. "तेच बघायचंय."

होडीवाले हसले. मला हसू आलं नाही.

वारा पडला होता. पाणी तेलासारखं जड दिसत होतं. मध्येच बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आले होते, आणि त्यांच्यावर एकही पाखरू नव्हतं. भाऊ टाकीवरचा काटा पुन्हा पुन्हा बघत होता. माझ्या जॅकेटचे पट्टे त्याने आवळले, सोडले, परत आवळले. "बस झालं की," मी म्हटलं, तेव्हा कुठे थांबला.

होडीवाल्यांनी दगड बांधून दोर सोडला. त्या दोराला धरून आम्ही उतरलो. मालवणच्या पाण्यात लांबचं दिसतं. इथे हात लांब केला की बोटं अंधुक व्हायची. सगळीकडे हिरवट काळोख. कानात फक्त स्वतःचा श्वास. थोडं खाली एका बाभळीचं खोड लागलं. त्याला फाटकं जाळं गुंडाळलेलं होतं आणि ते सावकाश हलत होतं.

भाऊ त्या जाळ्यापाशी थांबला. मी बोटांचं गोल करून 'ठीक ना?' अशी खूण केली. परत केली. तो माझ्याकडे बघतच नव्हता, खाली बघत होता. त्याच्या तोंडाजवळून बुडबुडे निघायचे, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग त्याने दोर सोडला, खांद्याजवळची नळी वर धरली आणि जॅकेटातली हवा काढून टाकली.

तो खाली जाऊ लागला. धडपड नाही, काही नाही.

मी झेप घेऊन त्याच्या टाकीचा पट्टा पकडला. दुसऱ्या हाताने दोर. त्याच्या वजनाने मीही ओढली जात होते. दोर काखेत अडकवून माझ्या जॅकेटात हवा भरली, तेव्हा कुठे आम्ही वर सरकू लागलो. श्वास रोखायचा नाही, घाई करायची नाही, हे त्यानेच मला शिकवलेलं. तेवढंच डोक्यात घोळत होतं. वर येईपर्यंत त्याने एकदाही पाय मारले नाहीत.

होडीवाल्यांनी त्याला काखेत धरून आत घेतलं. तो शुद्धीवर होता. दात वाजत होते. मी होडीत ठेवलेली माझी ओढणी त्याच्या डोक्याला गुंडाळली.

"काय झालं रे?"

ओढणी आवळून धरत तो बोलला. "एक पोरगी होती माझ्यासंग पाण्याखाली, फिरायला आलेली. मालवणला. घाबरली, हिसडा मारला तिनं. हात सुटला, ताई."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सापडली." तो पाण्याकडे बघत होता. "मला कोणी काही म्हणलं न्हाई. तिचा बापसुद्धा न्हाई."

होडीवाल्यांनी वल्ही मारायचं थांबवलं होतं. मी जे विचारू नये असं वाटत होतं, तेच विचारलं. "आत्ता तू मुद्दाम चालला होतास का खाली?"

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "खरंच ठावं न्हाई."

घरी मी आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. त्याच्या खोलीत आपलं अंथरूण घेऊन गेली आणि पुढचे किती तरी महिने तिथेच झोपली. मी त्याला नांदेडच्या डॉक्टरांकडे घेऊन जाऊ लागले. आधी यायला तयार नव्हता, मग येऊ लागला. आता वसमतला हळदीच्या अडतीवर काम करतो, घरात बोलतो, कधीमधी चेष्टाही करतो. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे.

पण परवा औंढ्याहून येताना रस्त्याकडेच्या कालव्याला पाणी सोडलेलं होतं. गाडी तोच चालवत होता. गाडीचा वेग आपोआप कमी झाला आणि तो त्या पाण्याकडे बघू लागला. मी त्याच्या दंडाला धरलं आणि शाळेतलं काहीबाही बोलत राहिले, पाणी मागे पडेपर्यंत.