शिंगवाल्या नाथाजीनानाची छाती

नाथाजीनानाला सूर्यनमस्कार घालायला मी लावलं, आणि दुसऱ्याच नमस्काराला नाना सारवलेल्या अंगणात नाक टेकून पडला तो उठेचना.

माझा तरी काय इलाज? मी औंधाच्या शाळेत शिकलेला. तिथं डोकं दुखलं तरी नमस्कार, गणित चुकलं तरी नमस्कार. सांगलीच्या दवाखान्यातून महिन्याभरानं सुटून आलेल्या माणसालाही हेच औषध लागू पडणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याच्या बायकोला, राहीकाकूला होती. तिनं मला खराटा घेऊन वेशीपर्यंत पोचवलं.

ते साल सेहेचाळीसचं. थंडीत इन्फ्लुएंझाची साथ आली आणि नानाचा ताप छातीत उतरला. नेमकी छातीच, आणि नाना आमच्या गावचा शिंगवाला! चैत्रातल्या जत्रेत भैरोबाची पालखी उठायची ती नानाच्या शिंगावर. तीन फुंका झाल्याशिवाय भोई खांदा देत नसत. फुंका जमल्या नाहीत तर मान भाऊबंदात जायचा, आणि एकदा गेला की गेलाच. भाऊबंद म्हणजे हंबीरराव. नाना दवाखान्यात असतानाच त्यानं आपल्या घरचं जुनं शिंग चिंचेनं घासून लखलखीत केलं होतं. भेटायला आला की विचारायचा, "दादा, दम कसा हाय?" आणि उत्तर ऐकून तोंड वाईट करताना बिचाऱ्याला कष्ट पडायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप गेला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका. छाती पूर्वीसारखी व्हायला वर्षसुद्धा लागेल. थोडं चाला, भरपूर झोपा. खरंच, नाना परसात जाऊन आला तरी उंबऱ्यावर बसून धापा टाकायचा.

मग राहीकाकूनं आपला दवाखाना उघडला. चूल पेटून धूर सरला की नानाला निखाऱ्यापुढं बसवायचं आणि हातात फुंकणी द्यायची.

"आगं, गडीमानसानं चूल फुकायची?"

"गावापुढं शिंग फुकताना लाजत न्हाई, आन् चुलीपुढं लाजता व्हय? फुका!"

पहिले काही दिवस निखाऱ्यांनी नानाची दखलच घेतली नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला ते जरा लाल व्हायला लागले. मी खराट्याच्या टप्प्याबाहेर उभा राहून विचारायचो, "नाना, आज भाकरी कुणी भाजली?"

"ये आत, तुलाच भाजतो!"

आधी नाना एका शिवीत दोनदा श्वास घ्यायचा. होळीपर्यंत अख्खी शिवी एका दमात यायला लागली. गावात समाधान पसरलं. हंबीररावाचं तेवढं कमी झालं.

जत्रा आली. राहीकाकू नको म्हणत असताना नाना शिंग घेऊन देवळापुढं उभा राहिला. पहिली फुंक अशी निघाली की पिंपळावरची वटवाघळं उडाली. दुसरी थरथरली, पण वेशीपर्यंत गेली. तिसरीला नुसतीच हवा. नानानं परत शिंग ओठाला लावलं. मान ताठली, कपाळावरची शीर फुगली, आवाज नाही.

राहीकाकू बायकांतून पुढं आली. "बास करा. मान गेला तर जाऊ द्या, मानूस ऱ्हाऊ द्या."

हंबीरराव लखलखीत शिंग घेऊन सरसावला. तेवढ्यात पुढच्या दांडीचा भोई अर्जुना ओरडला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि पालखी उठली. उठलेली पालखी फेरा पुरा झाल्याशिवाय खाली टेकत नाही.

"आरं, दोनच झाल्या!" हंबीरराव किंचाळला.

"आवं, मला दोनाच्या फुडं मोजता येत न्हाई," अर्जुना चालता चालता म्हणाला. "मी कवा गेलतो शाळंत?"

पुजारी हसला, आणि मान नानाच्याच घरात राहिला. नाना मटकन खाली बसला. बोलण्यापुरता दम आल्यावर त्यानं पालखीकडं हात जोडले. "देवा, एक उधार."

पुढच्या चैत्रात नानानं तिन्ही फुंका दिल्या, तिसरी तर सगळ्यांत लांब. पुजाऱ्यानं हळूच विचारलं, "नाना, आन् मागल्या सालची?"

नाना घाम पुसत म्हणाला, "देव मागतोय का? मग तुमी का घाई करताय?"