मामांच्या आठ तबकड्या

ज्या देशात दारूचं नाव काढायचीही चोरी, तिथे रोज संध्याकाळी उघडपणे दारू भरत बसणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्याच खोलीत राहायला होता. बंदुकीची दारू, अर्थात. पण नव्याने आलेल्या एका सुताराला कुणीतरी 'मामा आत दारू भरतायत' एवढंच सांगितलं, तेव्हा तो बिचारा आधी हरखला, मग घाबरला आणि शेवटी वास घेऊन निराश झाला.

तेलाच्या भरभराटीची ती वर्षं. अरबी वाळवंटातल्या हफ्र अल बातिन गावाबाहेरच्या आमच्या कॅम्पात मी स्टोअरकीपर होतो, मामा फिटर. चिपळूणकडचे, पन्नाशीचे, मामा मात्र साऱ्या कॅम्पाचे. आमचा अमेरिकन इंजिनिअर साहेब दर शुक्रवारी कंपनीच्या कुंपणाआड हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा. विकतची काडतुसं यायला महिनोन्महिने लागत, म्हणून रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं एक हातयंत्र त्याने आणलं होतं. त्याचा दांडा मोडला, मामांनी नवा करून दिला, आणि ते यंत्रच मामांच्या खाटेशेजारी मुक्कामाला आलं.

त्या दिवसापासून खोलीत सिगारेट बंद. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात आम्ही बाहेर उभे राहून झुरके मारायचो. आत येऊन गार व्हावं, तर काट्यावरची दारू हलते म्हणून एसीही बंद. मामा एकेक काडतूस पुसायचे, चिरलेलं बाजूला काढायचे, मग दारू, बूच, छर्रे, आणि दांडा दाबून तोंड बंद. भरलेलं काडतूस कानाशी नेऊन हलवायचे. मध्ये कुणी बोललं तर म्हणायचे, "इथे चिमूटभर चुकलं, तर तिथे साहेबाचं बोट जाईल." पुढेपुढे ते वरणातलं मीठसुद्धा तोलून घालायला लागले. त्यासाठी वेगळा काटा आणला होता. तो वेगळा आहे, हे ते प्रत्येक पाहुण्याला जेवणाआधी आवर्जून सांगायचे. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे कमी जेवायचे.

अशी हजारो काडतुसं भरली, पण स्वतः एकही उडवलं नव्हतं. एकदा साहेबच म्हणाला, या शुक्रवारी ये, तू भरलेली दहा काडतुसं तूच उडव. मामांनी आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री केली.

"तू पण चल रे," मला म्हणाले. "आपलं कुणीतरी बघायला हवं."

"पुढच्या शुक्रवारी येतो, मामा. आज व्हिडिओवर पिक्चर लावलाय."

"पुढच्या शुक्रवारी मला कोण बोलावतंय," म्हणाले, आणि एकटेच गेले.

दुपारी मेसमध्ये आले. ताट घेता घेता हळूच म्हणाले, "दहातल्या आठ फुटल्या."

"कशा, मामा? हातातून पडून?" हे मीच म्हणालो. सगळं टेबल हसलं. मामाही हसले. पण तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच वर्षी कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाने, त्यांचा इकामा, तिथे राहायचा परवाना, वाढवला नाही आणि ते कायमचे गावी गेले.

काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. "घरी कुणाला खरं वाटत नाही. जावई तर तोंडावर हसतो. तू तिथे होतास असं मी सांगून बसलोय. तेवढं चार ओळींत लिहून पाठव."

पत्र खिशात घालून मी साहेबाकडे गेलो. त्याला सगळं आठवत होतं. पहिल्या दोन चुकल्या, मग एकही नाही. त्याने जे जे सांगितलं ते मी लिहिलं: उजवीकडून येणारा वारा, खांद्याला बसणारा दणका, केशरी तबकडीचा हवेतच होणारा चुरा. 'मी मामांच्या मागेच उभा होतो,' असंही लिहिलं. चार ओळींची दोन पानं झाली. ती वाचून जावई गप्प झाला, असं मामांनी उलट टपाली कळवलं.

मागे उभा होतो असं लिहिल्याने माझी एक सोय झाली. तबकडी फुटल्यावर मामांचा चेहरा कसा झाला होता, ते लिहावं लागलं नाही. साहेबाला ते विचारायचा मला धीर झाला नव्हता.