फार ताजं पाणी

शिट्टीमावशीला माणसं कपड्यांत ओळखू येत नसत. यात तिचा दोष नव्हता. शहराच्या जलतरण तलावावर तिने तीसेक वर्षं काढली, आणि तिथे तिने माणूस पाहिला तो ओला, चष्म्याशिवाय आणि घाबरलेला. बाजारात एखादा टाय लावलेला गृहस्थ "मावशी, ओळखलंत का?" म्हणत पुढे आला की ती त्याच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघत राही. मग म्हणे, "केस मागे करा बघू." गृहस्थ भर रस्त्यात दोन्ही हातांनी केस मागे दाबून उभे राहत. "हां! कमरेएवढ्या पाण्यात बोंब मारणारा तो तूच!" ओळख पटे. गृहस्थ पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीने जात.

गळ्यात शिट्टी असे म्हणून शिट्टीमावशी. पोहायला शिकवणं तिचं काम नव्हतं, त्याला वेगळी माणसं होती. तिच्याकडे पाणी होतं. पहाटे येऊन पंप चालू करायचा, गाळण्या धुवायच्या, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासायच्या, जंतू मारायची पावडर टाकायची आणि मग खोल बाजूच्या काठावर उभं राहून खाली बघायचं. तळाला काळ्या फरशीची एक पट्टी होती. ती लख्ख दिसली की शिट्टी वाजे आणि दार उघडे. तळ दिसत नसेल तर पाण्यात कोणी उतरायचं नाही, कारण त्या पाण्यात बुडलेला माणूसही दिसत नाही. नियम एवढाच. पण तो पाळायला लागणारी ताठ मान सगळ्यांना मिळालेली नसते.

एकदा ऐन स्पर्धेच्या दिवशी पाणी दुधाळ झालं. खुर्च्या भरलेल्या, प्रमुख पाहुणे खिशात भाषण घेऊन बसलेले, पोहणारे काठावर कुडकुडत उभे.

"अहो मावशी, किंचित तर आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"तळ दिसतो का?"

"म्हणजे... अंदाज येतो."

"मग अंदाजाने बक्षिसं वाटून टाका. पाण्यात कोणी जाणार नाही."

स्पर्धा झाली नाही. पाहुण्यांनी भाषण मात्र केलं. मावशीच्या सगळ्या नोकरीत त्या तलावात कोणी बुडालं नाही, आणि त्याबद्दल तिचा कधी सत्कारही झाला नाही, कारण जे घडलंच नाही त्याचा समारंभ कसा करायचा हे कोणालाच ठाऊक नसतं.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि मागच्या अंगणात तळं बांधायला निघाली. कारण होतं मासा.

तिची थोरली बहीण, ताई, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसत असे. तिथे काचेच्या मोठ्या टाकीत एक नारिंगी मासा होता. रोगी कण्हत असताना तो ज्या थंडपणे त्यांच्याकडे पाठ फिरवी, त्यावरून ताईने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. त्याचं खाणंपिणं, टाकीची निगा, सगळं तीच बघे. डॉक्टर दवाखाना विकून परगावी गेले, टाकी दवाखान्याबरोबर गेली, मासा ताईच्या पदरात आला. ताई राहते मुलाकडे, वरच्या मजल्यावर, जिथे तिलाच जेमतेम जागा आहे. "तुझ्याकडे अंगण आहे, आणि पाण्यातलं तुला कळतं," ती धाकटीला म्हणाली. मावशीने शब्द दिला. तळं तयार होईपर्यंत साहेबांची सोय बाथटबमध्ये झाली.

मावशीचे यजमान, टेलरकाका, पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. त्यांनी कोणत्याही गोष्टीला विरोध केल्याचं आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलेलं नाही. ते मोजतात.

"अगं, पण आंघोळ?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बागेत नळ आहे की."

काकांनी जाड कापडाचा पडदा शिवला, झाडाला टांगला आणि तिथे बादली नेली. मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी हात धुवायला जागा विचारली की ते शांतपणे सांगत, "आत नको, साहेब आंघोळीला बसलेत." एक गिऱ्हाईक अर्धा तास खोळंबलं होतं म्हणतात.

तळं गल्लीतल्या गवंड्याने बांधलं, पण आराखडा मावशीचा. सरळ उभ्या भिंती, गुळगुळीत गिलावा, आणि तळाशी काळ्या फरशीची पट्टी. "माशाला पट्टी कशाला?" गवंड्याने विचारलं. "माशाला नाही, मला," ती म्हणाली.

पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी ते ताकासारखं झालं. नव्या सिमेंटचा चुना. मावशीने उपसलं, घासलं, भरलं. पुन्हा पांढरं. पुन्हा उपसलं. असं होत होत एकदाचा चुना धुऊन निघाला, आणि मग रोज संध्याकाळ झाली की पाणी चहासारखं तपकिरी व्हायला लागलं. सकाळी उपसायचं, संध्याकाळी चहा. मावशीने गवंड्याला बोलावलं.

"माती येतेय कुठून?"

"वाऱ्याने येत असेल," गवंडी म्हणाला.

"रोज? माझ्याच तळ्यात? पत्ता विचारत?"

काका गळ्यात टेप टाकून बाहेर आले, उकिडवे बसले आणि पाण्याच्या कडेकडे एक डोळा मिटून बघत राहिले. मग म्हणाले, "पट्टी तिरकी बसलीय."

"कोणती पट्टी?"

"ही, काठाची. इकडे पाणी काठापासून चार बोटं खाली आहे, आणि तिकडे जास्वंदीपाशी अगदी कडेला टेकलंय. पाणी काही तिरकं बसत नाही. म्हणजे काठ उतरलाय. तू झाडांना पाणी घालतेस ना संध्याकाळी? वाफ्यातली माती तिथूनच आत येते."

"माझी लेव्हल चुकत नाही," गवंडी दुखावून म्हणाला.

"बरं, मग पाण्याची चुकली असेल," काका म्हणाले आणि शिवणाला निघून गेले.

गवंड्याने बराच वेळ पाण्याकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्या बाजूचा काठ विटेने चढवला. पाणी फिरवायला तळावर ठेवलेला पंप गाळ ढवळत होता, तोही त्यानेच दोन विटांवर उचलून ठेवला आणि वर म्हणाला, "पंप मी ठेवला नव्हता हं." ते खरं होतं. पंप मावशीने ठेवला होता.

आता सगळं जागच्या जागी होतं. मावशीने पुन्हा भरलं. गाळ खाली बसला, पाणी निवळलं, पट्टी दिसली. मावशी टबाकडे निघणार, तोच पाण्यावर हिरवट झाक आली आणि पाहता पाहता सगळं तळं पालकाच्या पाण्यासारखं झालं. ती ब्रश घेऊन उतरली. उपसलं, घासलं, भरलं. पुन्हा हिरवं. पुन्हा उपसलं. शेजारपाजारच्यांनी सल्ले दिले, गाळण्या आणून दिल्या, आणि सल्ला मानला गेला नाही म्हणून रागही धरला. पाणी दर वेळी आधीपेक्षा हिरवं होई.

इकडे टबात साहेबांचं बिनसलं. खाणं बंद झालं. अंगाची झळाळी गेली. टबाच्या कडेला घासून पाठीवर एक पांढरा ओरखडा उठला, आणि एका सकाळी तो पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळत राहिला. मावशीने टबातलं अर्धं पाणी बदललं. तासाभराने तो पुन्हा वर आला.

दुपारी ताईचा फोन आला. तो रोज येई.

"साहेब जेवले का?"

"नाही. ताई, तोंड वर काढतोय गं."

"तोंड वर? अजून टबातच आहे? तळ्याला काय झालं?"

"तळ दिसत नाही. हिरवं होतंय. मी उपसते, परत हिरवं होतं."

"किती वेळा उपसलंस?"

"हिरवं झालं की, दर वेळी."

फोनवर ताई म्हणाली, "अगं बाई, तुझं पाणी फार ताजं आहे."

"ताजं पाणी वाईट असतं?"

"तुझ्या तलावात वाईट नसेल. तिथे जिवंत काही राहू नये म्हणूनच तू पगार घेत होतीस. इथे राहायला हवं. नव्या घरात कसं, आधी धूळ, मग पाहुणे, मग कुठे ते घर होतं. तू दर वेळी धूळ दिसली की घरच पाडतेस. पाण्याला शिळं होऊ दे. कडेला पाणवनस्पती लाव. चुना गेला ना? दुधाळ नाही ना आता?"

"नाही."

"शेवटचं कधी भरलंस?"

"झाले पाच-सहा दिवस."

"मग सोड त्याला आजच."

"ताई, तळ दिसत नाही."

"तळ बघायची गरज तुला आहे गं. त्याला नाही."

हे वाक्य मावशीला कोणी तलावावर ऐकवलं असतं तर त्याला तिने दाराबाहेर काढलं असतं. ती फोन ठेवून टबापाशी जाऊन बसली. हिरव्या पाण्यात तो गेला तर खाली काय होतंय ते दिसणार नव्हतं. जगला तरी नाही, मेला तरी नाही. आणि इथे तिच्या डोळ्यांदेखत, स्वच्छ पाण्यात, एक एक घोट हवा गिळत तो संपत होता. सगळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच दिसण्याचा काही उपयोग नव्हता.

"अहो," तिने हाक मारली, "झोळी शिवून द्या. मऊ कापडाची. हातभर लांब."

काकांनी माप घ्यायला टेप काढली, माशाकडे बघितलं आणि टेप परत गळ्यात टाकली. झोळी शिवली. दोघांनी दोन टोकं धरून साहेबांना अंगणात नेलं. झोळी पाण्यात टेकवली, बराच वेळ तशीच धरली, आणि मग एक टोक सोडलं. एक नारिंगी डाग क्षणभर दिसला. मग नुसतं हिरवं.

त्यानंतरचे दिवस मावशीने कसे काढले ते कुंपणापलीकडून दिसत होतं. कडेला तिने कुंड्यांतून पाणवनस्पती ठेवल्या. मग करायला काही उरलं नाही, आणि तेच तिला जमत नव्हतं. ब्रश घेऊन ती तळ्यापर्यंत येई आणि परत जाई. काकांनी शेवटी ब्रश कपाटात ठेवला आणि किल्ली विसरल्याचं सांगितलं. ती काठावर बसून पाण्यात बघे, आणि पाणी तिला तिचाच चेहरा दाखवी. "आत आहे ना हो तो?" ती विचारी. "असणारच. बाहेर आला असता तर दिसला असता," काका म्हणत. तिला ते पटत नसे. मेलेला मासा वर येतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती रोज पहाटे आधी पाण्याच्या वरच बघे. वर काही नसे. तेवढ्यावर दिवस जाई.

आणि मग एका सकाळी ती काठावर आली आणि जागच्या जागी थांबली.

पाणी नव्हतं असं वाटावं, असं पाणी होतं. रात्रीतून कोणी तरी येऊन सगळं हिरवेपण उचलून नेलं होतं. पावडर टाकली नव्हती, घासलं नव्हतं, पंप दोन विटांवर बसून नेहमीसारखा गुरगुरत होता. आणि तरी तळाचा कण न् कण दिसत होता. पाणवनस्पतीची पांढरी मुळं खाली सुटली होती, केसांसारखी, आणि सावकाश हलत होती. भिंतीवर, जिथे तिने गुळगुळीत गिलाव्यासाठी गवंड्याचा जीव खाल्ला होता, तिथे मऊ शेवाळाचा थर चढला होता आणि त्यावरून मोहरीएवढ्या गोगलगायी चालल्या होत्या. त्यांना कोणी आणलं नव्हतं. तळाशी बऱ्याच पायांचा एक किडा स्वतःच्या कामाला निघाला होता. सगळ्यांच्या मधोमध, जणू हवेत टांगलेला, साहेब. पाठीवरचा ओरखडा भरत आला होता. त्याची सावली खाली फरशीवर पडली होती आणि ती त्याच्याबरोबर फिरत होती. त्याने एकदा मावशीकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

मावशी खाली बसली. तिचा हात गळ्याशी, शिट्टीच्या जागी गेला आणि तिथेच राहिला. निवळ पाणी तिने हजारो सकाळी पाहिलं होतं. त्यातली प्रत्येक सकाळ तिने स्वतः केली होती, ब्रशने, पंपाने, पावडरीने, आणि पाणी आपल्यामुळे निवळतं यात तिला कधी शंका आली नव्हती. ही सकाळ तिने केली नव्हती.

"हे यांनी केलं?" ती कुजबुजली. ती गोगलगायींबद्दल बोलत होती, की मुळांबद्दल, की आणखी कशाबद्दल, जे इतकं लहान होतं की दिसतच नव्हतं, ते कळलं नाही.

घरात फोन वाजला. काका फोन कानाला लावूनच बाहेर आले. "हो ताई, बघून सांगतो. इथेच बसलीय ती, थांबा हं," म्हणत ते तळ्यापाशी पोचले, खाली बघितलं आणि थांबले. फोनचा हात हळूहळू खाली आला. मग तेही बसले.

"अहो, मासा दिसतोय का?" हातातल्या फोनमधून ताईचा आवाज येत होता. "हॅलो? आहे ना तो? अहो, बोला ना कोणी तरी!"