बिडीच्या दोऱ्याने बांधलेले शेवाळ

"आणा इकडं," असे म्हणून अक्का हात पुढे करत. समोरच्याच्या हातात काय आहे हे त्या विचारत नसत. गुंतलेला दोरा असो, न उघडणारी बरणी असो, किरकिरणारे पोर असो, गल्लीत कुणाचे काही अडले की अक्कांचा हात पुढे यायचा. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, तोंडाने शेजारणीशी तेलुगू आणि आमच्याशी मराठी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या आमच्या शेजारच्या उंबऱ्यात बसून बिड्या वळत.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण मला ती कळायला पाच महिने लागले आणि तुमचा तेवढा वेळ मी घेणार नाही. अक्कांना दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कुठे आणि सावली कुठे एवढे कळायचे, बाकी सगळा कारभार बोटांवर. हे त्यांनी सगळ्यांपासून लपवले होते, आणि मुख्य म्हणजे हैदराबादच्या लेकीपासून. लेकीला कळले असते तर ती पुढच्या गाडीने येऊन त्यांना घेऊन गेली असती. अक्कांना जायचे नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागातली ती दीड खोली, तो उंबरा आणि हातातले काम त्यांना सोडायचे नव्हते.

मी त्यांचा शेजारी. मूळचा बार्शीचा, इथे एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क. आजवर कुणाला एक अक्षर शिकवलेले नाही, नुसते दाखले देतो. पण अक्का मला "सर" म्हणत आणि मी ते चालवून घेत असे.

आता माझ्या वेडाविषयी. एका रविवारी फोनवर मी माशांची टाकी बघितली. खरे तर मासे त्यात नावालाच होते. पाण्याखाली डोंगर, झाडी, तळाला हिरवीगार हिरवळ. तासभर बघत बसलो आणि ठरवले की हे आपल्या घरात पाहिजे. फक्त त्याला लागणारा खर्च आपल्या घरात नको. फोटोफ्रेमवाल्याकडे पडलेल्या काचा जोडून टाकी केली, त्यामुळे तिच्या एका बाजूने बघितले की सगळे किंचित निळे दिसे. वळसंगच्या मेव्हण्याच्या शेतातून बाभळीचे मूळ आणले आणि ते बायकोच्या मोठ्या पातेल्यात दोन तास उकळले. त्या पातेल्यात नंतर कुणी काही शिजवले नाही.

मातीच्या बाबतीत तर मी स्वतःवर फार खूश होतो. व्हिडिओतले लोक झाडांसाठी काळी माती पिशवीतून विकत आणतात. मेव्हण्याच्या शेतात ती बांधापासून बांधापर्यंत पसरलेली! पोतेभर आणून टाकीत वीतभर थर दिला. नळाला पाणी चार दिवसांनी येते. त्यातल्या दोन बादल्या बायकोची नजर चुकवून ओतल्या. चौथ्या दिवशीही पाणी डांबरासारखेच काळे होते. पाचव्या दिवशी मातीने फुगून टाकीचा एक सांधा उलवला आणि काळा ओघळ अक्कांच्या उंबऱ्यापर्यंत गेला. अक्कांनी तो चिमटीत घेऊन चोळला.

"शेतातली माती भरला काय, सर?"

"हो."

"ती फुगती की. आपल्या गावात भिंती कशानं फुटत्यात मग?"

गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी शिक्षणसंस्थेत नोकरीला आहे.

सांधा पुन्हा चिकटवला, माती काढून धुतलेली वाळू घातली, झाडे लावली. मग आले मॉस. मॉस म्हणजे पाण्यात वाढणारे एक खानदानी शेवाळ. टाकीच्या काचेवर आपोआप येणारे शेवाळ वेगळे आणि हे मागवावे लागणारे वेगळे, हा फरक माझ्या बायकोला अजून पटलेला नाही. ते दगडांवर दोऱ्याने बांधायचे असते, म्हणजे काही आठवड्यांनी ते दगड धरते. एका सुटीच्या दिवशी मी दारापुढच्या ओट्यावर बसून मासे पकडायच्या तंगुसाने ते बांधत होतो. तीन तासांत दीड दगड झाला होता. अर्धा अशासाठी, की त्याचे शेवाळ दगडापेक्षा माझ्या अंगठ्याला जास्त बांधले गेले होते.

"आणा इकडं," अक्का म्हणाल्या.

त्यांनी दगड चाचपला, शेवाळाची चिमूट त्यावर पसरली, बिडीचा दोरा दोनदा फिरवला, गाठ मारली आणि कात्रीने टोक उडवले. मी चष्मा पुसून घालेपर्यंत दुसरा दगड झाला होता. माझ्याकडे होते तेवढे सगळे दगड त्यांनी चहा निवायच्या आत बांधले.

"झालं की. ह्याला काय काम म्हणत्यात?"

दगड बांधताना त्या हाताकडे अजिबात बघत नव्हत्या. मला वाटले, केवढे हे कसब.

त्या दिवसापासून अक्का रोज संध्याकाळी आमच्याकडे टाकी बघायला येऊ लागल्या. स्टुलावर बसायच्या, मान जरा डावीकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "हिरवं झालंय, सर. लई झाक." डावीकडे आमचा फ्रिज होता. जाणकार माणूस तिरकस कोनातून बघत असेल, असे मी मनाशी ठरवले. घरात माझे कौतुक करणारे दुसरे कुणी नव्हते. बायको म्हणायची, "अहो, ही टाकी आहे की कोथिंबीर भिजत घातलीय?" मी म्हणायचो, "अक्कांना विचार." ऑफिसातही मी सांगत असे की आमच्याकडे एक जाणत्या बाई रोज टाकी बघायला येतात.

एका पाण्याच्या दिवशी मी टाकी घासायला अंगणात नेली होती. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या टाकीच्या जागेवर बायकोने धुतलेल्या चादरींची चळत ठेवून दिली. अक्का आल्या, बसल्या आणि चादरींकडे तोंड करून म्हणाल्या, "आज पाणी लई निवळ हाय, सर. तळ दिसतोय."

मी काहीच बोललो नाही. बोलायला मला सहसा वेळ लागत नाही, त्यामुळे अक्का लगेच सावध झाल्या. त्यांनी हात पुढे केला. हाताला चादर लागली.

बराच वेळ त्या चादरीचा काठ चाचपत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. कारखान्यात बिड्या द्यायला बायकांच्या घोळक्यातनं जाते, कुणाची तरी पिशवी धरून. बिडीत खोट काढून दाखवा म्हणावं अजून."

"ऑपरेशन होतं की अक्का. आता साधं असतं."

"ऑपरेशन झालं की लेक परत सोडंल काय? म्हणंल, बास झालं आता. तिच्या घरात सगळं हाय, सर. मला करायला तेवढं काय न्हाय. नुसतं बसून मी काय करू? कुणाला बोलू नका."

मी शपथ घेतली. मनापासून घेतली, हे तुम्ही माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

अक्का त्यानंतरही येत राहिल्या. आता मी त्यांना टाकी सांगायचो. पहिले दोन दिवस जशी होती तशी सांगितली. पण सांगता सांगताच ती इतकी गरीब वाटू लागली की तिसऱ्या दिवसापासून मी जरा पुढचे सांगायला लागलो. तळाला हिरवळ धरलीय म्हणालो. डासांच्या अळ्या खायला फुकट वाटतात ते दोन गप्पी मासे टाकीत होते; त्यांचा मी निळ्या-लाल माशांचा थवा केला. अक्का ऐकून घ्यायच्या आणि मधेच विचारायच्या, "काल बारा म्हणला होता. आज वीस कसं?" मी म्हणायचो, पिल्ले झाली. तेव्हा त्या पदर तोंडाला लावत. मला वाटायचे, खोकला आला असेल.

इथवर मी नुसता हास्यास्पद होतो. पुढे जे केले ते वाईट होते.

फोनवर अशा टाक्या ठेवणाऱ्यांचा एक गट आहे. मोठमोठ्या गावांतले लोक, झाडे वाढावीत म्हणून टाकीला गॅसच्या नळकांड्या लावणारे. मी माझ्या टाकीचा फोटो टाकला तेव्हा एकाने विचारले होते, "यातली झाडे आजारी आहेत का?" ते मला लागले होते. एक दिवस अक्का नवे दगड बांधत असताना मी म्हणालो, "हातांचा फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "हातात काय बघायचं हाय? काढा." मी व्हिडिओ काढला. तोंड येऊ दिले नाही, नाव लिहिले नाही, म्हणजे शपथ पाळली असा माझा हिशोब होता. वर मजकूर लिहिला: "आमच्या सोलापूरचे कसब. न बघता!"

दोन दिवस फोन थांबत नव्हता. लोक विचारत होते, हे कोण? आणि मी त्यांना अशा थाटात उत्तरे देत होतो, जणू दगड मीच बांधले आहेत. व्हिडिओ या गटातून त्या गटात करत कुठल्या कुठे गेला. त्याच्या शेवटी एक जागा होती, ती माझ्या लक्षातच आली नव्हती. अक्का कात्री शोधतात. कात्री त्यांच्या गुडघ्याजवळ, समोरच पडलेली. त्यांचा तळवा तिच्या बाजूने तीनदा फिरतो आणि मग आवाज येतो, "कात्री कुटं ठेवला, सर?"

आईचे हात लेकीला ओळखू येणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. यावरून माझी अक्कल तुम्हाला कळेल.

लेक तिसऱ्या दिवशी सकाळी आली. आत तेलुगूत काय बोलणे झाले मला कळले नाही. भिंतीला कान लावूनही कळले नाही. नंतर ती बाहेर आली आणि अक्कांच्या देखत मला हात जोडून म्हणाली, "सर, तुमच्यामुळं कळलं. नायतर आई आंधळी झाली असती. तुमचे लई उपकार झाले."

उपकार! मला जमीन दुभंगली तर बरे असे झाले. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. "दगडं उगं बांधले," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड बांधायला पायजे होतं."

दुपारच्या गाडीने त्या गेल्या. बिडीचे सूप जाताना शेजारणीला दिले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने चांगली झाली, असे कळले. बायको म्हणाली, "म्हणजे तुम्ही केलं ते बरंच झालं की." झाले ते बरे झाले, हे मलाही कळत होते. पण मी ते अक्कांच्या डोळ्यांसाठी केले नव्हते. चार कौतुकाच्या शब्दांसाठी केले होते, आणि ते मिळालेही होते. शेजारचा उंबरा रिकामा दिसला की मला माझी लाज वाटायची. संध्याकाळी त्या स्टुलावर बसायला दुसरे कुणी आले की मी काहीतरी निमित्त काढून ते स्टूल उचलून ठेवायचो.

चार महिन्यांनी लेकीबरोबर त्या खोली रिकामी करायला आल्या. आवराआवर झाल्यावर आमच्या दारात उभ्या राहिल्या. नवा चष्मा, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे, बरोबर माझ्या तोंडाकडे बघत. टाकीसमोर बसल्या. मी बाजूला उभा. निकालाच्या दिवशी आमच्या कॉलेजातली पोरे उभी असतात तसा.

"मासे दोनच हायत."

"हो."

"हिरवळ?"

"धरली नाही."

अक्कांनी मान हलवली. मग वाकून काचेजवळ गेल्या. त्या भिकार टाकीत डोळ्यांत भरावी अशी एकच गोष्ट होती: मॉसने मढलेले दगड. दाट, मऊ, जिवंत हिरवे. दोरा केव्हाच कुजून गेला होता.

"हे कुणी केलं?"

"तुम्ही केलंत, अक्का."

त्यांनी ते कधी बघितलेच नव्हते. बघत राहिल्या. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. लेकीने दारातून एकदा हाक मारली; रिक्षा उभी होती. अक्कांनी डोळे पुसले, खरेच पुसले, आणि म्हणाल्या, "दगडं हायत का अजून?"

होते थोडे. शेवाळही भरपूर वाढले होते. मी कात्री आणि दोऱ्याचे रीळ आणून दिले. अक्कांनी पहिला दगड घेतला, त्याच्याकडे नीट बघत दोरा फिरवला. दोरा निसटला. पुन्हा फिरवला, गाठ सैल पडली. इतक्या महिन्यांत माझे दगड बांधताना त्यांची एकही गाठ सैल पडलेली मी बघितली नव्हती. त्यांनी आपल्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे बघावे तसे बघितले. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर हात जे सुटले ते थांबेनात. दगड, शेवाळ, दोन वेढे, गाठ, कात्री. लेक दारात येऊन उभी राहिली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा तिनेच वळून त्याला थांबायची खूण केली. दगड संपले. डोळे न उघडता अक्कांनी हात पुढे केला.

"अजून?"

टाकीत आता खड्यालाही जागा नव्हती. पण आयुष्यात एकदा तरी मी तोंड बंद ठेवले. बायकोचे घमेले घेऊन बाहेर पळालो आणि भर दुपारी, गल्लीतल्या सगळ्या बायका बघत असताना, रस्त्याच्या कडेची खडी वेचू लागलो.