भरती सांगणारा प्रोग्राम

बंदर खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा एक प्रोग्राम लिहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला तिथे काही काम नाही. तो एकेक प्रश्न विचारायचा. बंदर कोणतं? तारीख कोणती? उत्तर टाइप केलं की पुढचा प्रश्न, आणि शेवटी वेळा. आगरदांड्याचे, दिघीचे मच्छीमार सकाळी बाबांना फोन करत आणि बाबा त्या प्रश्नांची उत्तरं भरून त्यांना वेळ सांगत.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पडद्याकडे बघायची बंदी आली. मी घरून वेबसाइटी बनवते. म्हटलं, एक पान करू. माणूस मोबाइलवर बंदर आणि तारीख निवडेल. पानामागची स्क्रिप्ट प्रोग्राम चालू करून बाबांच्या ऐवजी उत्तरं देईल. मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही, एवढीच बाबांची अट होती.

पान उघडलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. हाताने चालवला तर प्रोग्राम ठणठणीत. स्क्रिप्टने चालवला तर मुका. चूक झाली म्हणूनही सांगेना. मला वैताग येण्याऐवजी गंमतच वाटू लागली, की आत नेमकं चाललंय काय?

बाबा काळा चष्मा लावून ओटीवर पडले होते. स्क्रिप्ट काय करते ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती एकेक ओळ वाचते, प्रश्न दिसला की उत्तर देते.

"ओळ संपली हे तिला कशावरून कळतं?"

"नवी ओळ सुरू झाली की."

"मग नाही कळायचं. प्रश्नानंतर मी ओळ बदलतच नाही. उत्तर प्रश्नाच्या शेजारी दिसायला हवं ना."

म्हणजे स्क्रिप्ट ओळ संपायची वाट बघत होती आणि प्रोग्राम उत्तराची. मी तिला अक्षर-अक्षर वाचायला लावलं, प्रश्नचिन्ह आलं की उत्तर द्यायला. तरी शांतताच. बरीच खटपट केल्यावर उमगलं, की समोर पडदा नसला तर प्रोग्राम अक्षरं पोटातच साठवून ठेवतो. मग त्याच्यापुढे खोटा पडदा आणि खोटा कीबोर्ड उभा केला. पहिला प्रश्न आला आणि उत्तर घेऊन पुढचाही आला.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता तुझ्या जन्माची तारीख टाक." जुनी तारीख आजवर त्यांनीही कधी टाकली नव्हती.

माझ्या वेळी आईला दिघीहून खाडी ओलांडून दवाखान्यात लाँचने आणत होते. संध्याकाळी लाँच चिखलात रुतली आणि कळा येत असताना तिला तशीच ताटकळत बसावं लागलं, असं आई नेहमी सांगायची. बाबा म्हणायचे, पाणी भरपूर होतं, घाबरल्यामुळे तिला तसं वाटलं.

मी तारीख टाकली. संध्याकाळची वेळ आली ती ऐन ओहोटीची, तीही अमावास्येची, पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हाची. आईला हाक मारून वाचून दाखवलं.

"व्हय," आई म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

बाबांनी तिला, लाँच किती वेळ अडकली होती, तेव्हा सोबत कोण होतं, असं एकेक विचारायला सुरुवात केली.